राजधानी गेली, ऑर्डर राहिली

नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या वाडेमालकाला किरायेदाराकडून दोन खोल्या सोडवून घ्यायच्या असल्या, तर 1949 पासून 2000 पर्यंत त्याला थेट कोर्टाची पायरी चढता येत नसे. आधी रेंट कंट्रोलरकडे अर्ज. त्या अर्जातसुद्धा ‘घर रिकामं करून द्या’ असं मागायची सोय नव्हती. ‘या किरायेदाराला नोटीस देण्याची परवानगी मिळावी’ एवढीच विनंती करायची. परवानगी मिळाली की नोटीस, नोटिशीची मुदत संपली की दिवाणी दावा आणि दाव्याचा निकाल लागला की अपील. मुंबई-पुण्याच्या घरमालकालाही भाडेकरू काढणं सोपं नव्हतं, पण त्याचं भांडण निदान कोर्टात सुरू होई. नागपूरच्या मालकाला ते सुरू करण्यासाठीच सरकारची संमती लागे.

एकाच राज्यात हा दुजाभाव कसा, याचं उत्तर मुंबईत सापडत नाही. त्यासाठी नागपूर स्वतः राजधानी होतं, त्या दिवसांत जावं लागतं.

1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याचं मुख्यालय. सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांचे बंगले होतेच. पण सचिवालयातले कारकून, शाळामास्तर, रेल्वेचे बाबू आणि वकिलांचे गुमास्ते राहत ते शहरातल्या वाड्यांत आणि चाळींत, नंतर धंतोली-धरमपेठेच्या नव्या घरांत. सरकारी नोकर बदलीवर येणार, घर किरायानेच घेणार. दुसऱ्या महायुद्धात सरकारी खाती फुगली आणि खासगी बांधकामाला सिमेंट-लोखंड मिळेनासं झालं. माणसं वाढली, खोल्या तेवढ्याच राहिल्या. युद्धाने घरांची टंचाई करायची आणि सरकारने किरायाला वेसण घालायची, हा प्रकार काही नागपूरने शोधला नव्हता. पहिल्या महायुद्धात ग्लासगोच्या बायकांनी भाडंबंदीचं आंदोलन केलं, तेव्हा ब्रिटनने 1915 मध्ये असाच कायदा केला. मुंबईत तो 1918 मध्ये आला. सगळीकडे तो तात्पुरता म्हणूनच आला.

नागपूरला सीपी अँड बेरारच्या, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या, सरकारने 1946 मध्ये निवासजागा किरायाने देण्याचं नियमन करणारा 11 क्रमांकाचा कायदा केला. कायदा तसा छोटा. सरकारला हुकूम काढण्याचा अधिकार देणं, हेच त्याचं मुख्य काम. खरा दणका होता तो त्याखाली 1949 मध्ये निघालेल्या ‘लेटिंग ऑफ हाऊसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर’चा. नागपूरच्या वकिलांच्या बोलण्यात ती ‘रेंट कंट्रोल ऑर्डर’ झाली आणि पुढे नुसतीच ‘ऑर्डर’. तिचं तेरावं कलम इतकं घासलं गेलं की ‘तेरा-तीनचा अर्ज’ म्हटलं की कज्जेदलालालाही कळे.

पण तेराव्या कलमाआधी बाविसावं आणि तेविसावं पाहायला हवं, कारण ऑर्डर कुणासाठी निघाली ते तिथे उघड होतं. घर रिकामं होणार हे कळल्यापासून सात दिवसांत मालकाने तशी वर्दी डेप्युटी कमिशनरला द्यायची. तोवर ते दुसऱ्याला द्यायचं नाही आणि स्वतःही त्यात राहायला जायचं नाही. वर्दी मिळाल्यापासून पंधरा दिवसांत साहेब हुकूम काढू शकत: हे घर अमक्याला द्या. अमका म्हणजे कोण? केंद्राचा किंवा राज्याचा नोकर, वीज मंडळाचा कर्मचारी, निर्वासित, किंवा दुसऱ्या घरातून कायद्याने बाहेर काढला गेलेला माणूस. हुकूम आला की मालकाने आधी कुणाशी काय ठरवलं होतं ते सगळं बाद. पंधरा दिवसांत हुकूम आला नाही, तरच मालक मोकळा.

निर्वासितांचा उल्लेख उगाच आलेला नाही. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं नागपुरात उतरली, जरीपटक्याची वस्ती त्यातूनच उभी राहिली. तेव्हा ऑर्डरच्या डोळ्यांसमोर दोन माणसं होती: वऱ्हाडातून किंवा जबलपूरहून बदलून आलेला बाबू आणि सिंधमधून सगळं सोडून आलेला माणूस. दोघांनाही छप्पर हवं होतं, लगेच हवं होतं. 1949 साली मी त्या खुर्चीत असतो तर हेच केलं असतं, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

किरायाचा दर ठरवण्यासाठी कंट्रोलरने मागे पाहायचं होतं, 1940 च्या आसपास त्या भागात तशाच घराला काय पडत होतं त्याकडे. तिथून थोडीफार वाढ. आणि घर सोडवण्याची कारणं तेराव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात मोजून दिलेली: तीन महिन्यांचा किराया थकला, नेहमीच थकवण्याची सवय आहे, मालकाच्या लेखी परवानगीवाचून पोटकिरायेदार ठेवला, घर ज्यासाठी घेतलं ते सोडून भलत्याच कामाला वापरलं, नासधूस किंवा उपद्रव केला, मालकाला स्वतःला खरोखर गरज आहे आणि शहरात त्याचं स्वतःचं दुसरं घर नाही, घराची मोठी दुरुस्ती करायची आहे, किरायेदाराने दुसरीकडे सोय केली किंवा गाव सोडलं.

कागदावर हे सगळं वाजवी दिसतं. अंमलात काय होई, ते एका थकबाकीच्या प्रकरणात शिरून पाहू. मालकाला किरायेदार नकोसा झाला की तो किराया घेणंच बंद करी, म्हणजे थकबाकी आपोआप चढेल. किरायेदार त्याहून हुशार. तो दर महिन्याला मनीऑर्डर करी, ‘घेण्यास नकार’ असा पोस्टमनचा शेरा मारलेला परतीचा फॉर्म जपून ठेवी आणि कंट्रोलरपुढे फॉर्मांची चळत मांडी. मग कंट्रोलरचा निकाल लागला तरी कलेक्टरकडे अपील होतंच, कलेक्टरनंतर हायकोर्टात रिट. एवढं करून मालकाला परवानगी मिळालीच तर पुढची नोटीस संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या 106 व्या कलमाखाली द्यायची. तिला पंधरा दिवसांची मुदत लागे आणि ती मुदत किरायेदारीच्या महिन्याच्या अखेरीलाच संपावी लागे. महिना एक तारखेला सुरू होतो की पाच तारखेला, यावर साक्षीपुरावे होत. पावत्या लिहिताना मुनीम जे घाईत खरडून गेला, त्याच्यावर पंधरा वर्षांनी दावा अडकून पडे. नोटिशीची तारीख एका दिवसाने चुकली म्हणून मालक पुन्हा शून्यावर, हा त्या काळातल्या वकिलीचा नेहमीचा अनुभव. 106 व्या कलमातला हा काटा संसदेने काढला तो थेट 2002 च्या अखेरीला.

हे मालक होते तरी कोण? इथे नागपूरची गोष्ट मुंबईहून वेगळी होते. भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर, सर रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर असताना 1860 च्या दशकात जमाबंदी झाली आणि गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना सरकारने गावांची मालकीच देऊन टाकली. चिटणवीस, बुटी अशी नागपूरची मातब्बर घराणी या मालगुजारीतली. शिर्डीचं समाधी मंदिर ज्या वाड्यात आहे, तो बांधणारे गोपाळराव बुटी नागपूरचेच. खेड्यातून सारा आणि खंड यायचा, शहरातल्या वाड्यांतून किराया. सावकारी असायची ती वेगळी.

आता तारखा लागोपाठ ठेवून पाहा. 1949 मध्ये ऑर्डर आली आणि शहरातला किराया गोठला. 1950 मध्ये प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं. नागपूरच्याच विधानसभेत रविशंकर शुक्लांच्या सरकारने मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा आणला आणि 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी सरकारजमा झाली. जमीनदार गप्प बसले नाहीत. चांदा जिल्ह्यातल्या अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण तोवर, जून 1951 मध्ये, पहिली घटनादुरुस्ती झालेली होती, कायद्यांना कोर्टातल्या आव्हानापासून वाचवणारं नववं परिशिष्ट तयार झालेलं होतं आणि मध्य प्रदेशचा हा कायदा त्या परिशिष्टात सुरक्षित बसलेला होता. 1952 मध्ये जमीनदार हरले. कायद्याने मालगुजाराला स्वतःच्या कसातली शेती आणि घरं मात्र ठेवू दिली. त्यामुळे गाव गेलेल्या मालगुजाराच्या हाती उत्पन्न म्हणून जे उरलं, त्यातला मोठा भाग होता शहरातला वाडा. त्याचा किराया दोनच वर्षांपूर्वी गोठला होता.

मालगुजारांसाठी अश्रू ढाळावेत असं मला मुळीच वाटत नाही. वेठ आणि बेदखली भोगलेल्या कुळाच्या नातवंडांना विचारा. पण दोन्ही कायद्यांचा शेवट सारखा झाला नाही, ही बाब नोंदवायला हवी. विदर्भासाठी 1958 मध्ये वेगळा कूळकायदा झाला आणि 1 एप्रिल 1961 पासून कूळ कसत असलेल्या जमिनीचं मालक होण्याचा मार्ग खुला झाला. गावातला प्रश्न निदान एका बाजूला लागला. शहरातला किरायेदार मालक झाला नाही आणि हललाही नाही. मालकाचं नाव घरावर राहिलं, पण घराचं काय करायचं हे तो ठरवू शकेना. छप्पर गळलं तर कौलं कुणी शाकारायची, यावर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत. मालक म्हणे, वर्षाच्या किरायात गवंड्याची दोन दिवसांची मजुरी निघत नाही. किरायेदार म्हणे, घर तुमचं, दुरुस्ती तुमची. महाल-इतवारीतले कितीतरी वाडे या वादात पावसाळ्यामागून पावसाळा झिजले.

मग 1 नोव्हेंबर 1956. राज्यं भाषेनुसार नव्याने आखली गेली, राजधानी भोपाळला गेली, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. सचिवालय उठलं, मंत्री गेले, बाबूंची मोठी संख्या सामान बांधून भोपाळला निघाली. नागपूरचं हायकोर्ट मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ झालं. ऑर्डर तेवढी जागची हलली नाही. राज्य पुनर्रचना कायद्याच्या 119 व्या कलमाने सांगून ठेवलं होतं की प्रदेश एका राज्यातून दुसऱ्यात गेला तरी, नव्या विधिमंडळाने बदल करेपर्यंत, तिथे जुनेच कायदे चालतील. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला तेव्हाही तेच. परिणामी एका महाराष्ट्रात तीन भाडेकायदे नांदू लागले: मुंबई-पुण्याकडे 1947 चा मुंबईचा, मराठवाड्यात 1954 चा हैदराबादचा आणि विदर्भात 1949 ची ऑर्डर. राजधानीतल्या नोकरांना घर मिळावं म्हणून केलेली व्यवस्था, राजधानी गेल्यावर 43 वर्षांहून जास्त चालली. मधल्या काळात आलेल्या सरकारांपैकी एकालाही तिला हात लावायची घाई नव्हती. कारण साधं आहे. किरायेदार संख्येने जास्त, मालक थोडे, आणि दोघेही मतदार.

याच काळात नागपूरकराचा पैसा किरायाच्या घरांकडून प्लॉटकडे वळला. त्याला हे एकच कारण होतं असं नाही. शहर वाढत होतं, जमीन स्वस्त होती, दाराशी भरपूर मोकळं रान होतं. पण चार पैसे गाठीला असलेल्या माणसाने घर बांधून किरायाने द्यायचं म्हटलं, तर शेजारच्या वाड्याचं उदाहरण त्याच्या डोळ्यांसमोर होतं. रिकामा प्लॉट निदान किरायेदार आत घेऊन बसत नाही.

तरी प्लॉटवाल्यालाही कायद्याने निवांत राहू दिलं नाही. 1936 च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाला होता. त्याने रस्ते आखले, वस्त्या वसवल्या आणि त्यासाठी शेतजमिनी घेतल्या. मेख मोबदल्यात होती. 1894 च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेतली तर बाजारभावावर 15 टक्के सांत्वना रक्कम मिळे. प्रन्यासच्या कायद्याने घेतली तर ती मिळत नसे. जमीन तीच, घेणारं सरकारही शेवटी तेच. कोणत्या कायद्याचं नाव कागदावर घालायचं हे घेणाराच ठरवणार. विठ्ठलराव प्रकरणात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि डिसेंबर 1972 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने हा भेदभाव घटनेच्या चौदाव्या कलमात बसत नाही असा निकाल दिला. जमीन शाळेसाठी गेली की वसाहतीसाठी, याने मालकाच्या नुकसानीत फरक पडत नाही, असा त्याचा मथितार्थ. देशभरच्या भूसंपादन प्रकरणांत आजही या निकालाचा दाखला निघतो. नागपुरात मात्र प्रन्यासवर तोंडसुख घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक असतो.

तीनच वर्षांनी, फेब्रुवारी 1976 मध्ये, नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. नागपूर ‘क’ वर्गात, म्हणजे मोकळ्या जमिनीची मर्यादा 1500 चौरस मीटर. त्यावरची जमीन अतिरिक्त, आणि ती गेली तर मोबदला ‘क’ वर्गात चौरस मीटरला जास्तीत जास्त 5 रुपये. एकूण कितीही जमीन असो, दोन लाखांच्या वर काही मिळायचं नाही. गरिबांना घरं देण्याचा हेतू सांगितला गेला होता. प्रत्यक्षात जमीनमालकांनी वाटण्या दाखवल्या, सूट मागणारे अर्ज टाकले किंवा सरळ शेताचे तुकडे पाडून विकले. शेताला चुन्याच्या रेघा मारायच्या, कुठल्यातरी गृहनिर्माण संस्थेच्या नावाने नकाशा छापायचा, मास्तरांना, गिरणी कामगारांना आणि शिपायांना हप्त्याने प्लॉट द्यायचे. अकृषक परवानगी नाही, मंजूर अभिन्यास नाही, गटार नाही, पाणी नाही. विकत घेणाऱ्याला हे कळत नव्हतं असं नाही. अधिकृत जागा त्याच्या आवाक्यात नव्हती आणि किरायाने चांगलं घर मिळत नव्हतं.

या लेआउटांनी शहर चहूबाजूंनी वेढलं गेलं, तेव्हा सरकारने 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा केला. 1 जानेवारी 2001 च्या आधीचे असे प्लॉट विकासशुल्क घेऊन नियमित करायचे. नागपुरात ‘572 लेआउट’ आणि ‘1900 लेआउट’ हे आकडे वस्तीच्या नावासारखे वापरले जातात, ते यातूनच. प्लॉट पाहायला गेलं की आधी विचारतात, ‘आरएल आहे का?’ आरएल म्हणजे नियमितीकरणाचं पत्र. बँक तेच मागते, नकाशा मंजुरीला तेच लागतं. कमाल धारणा कायदा केंद्राने 1999 मध्ये मागे घेतला. महाराष्ट्राने तो सोडला 29 नोव्हेंबर 2007 ला.

ऑर्डरचा शेवट मात्र नागपुरातून झाला नाही, मुंबईच्या एका दाव्याने तो ओढून आणला. मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 19 डिसेंबर 1997 रोजी सांगितलं की 1940 च्या दराला किराया खिळवून ठेवणारी मुंबई कायद्यातली कलमं काळाच्या ओघात मनमानी आणि अवाजवी झाली आहेत. ती तिथल्या तिथे रद्द केली नाहीत, कारण मुदतवाढीवर मुदतवाढ घेत जगणारा तो कायदा पुढच्याच मार्चमध्ये संपायचा होता आणि नवा येईल अशी अपेक्षा होती. नवा कायदा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, अमलात आला 31 मार्च 2000 रोजी. तीनही जुने कायदे त्याने मोडीत काढले.

नागपूरच्या मालकासाठी सर्वांत मोठा बदल किरायाचा नव्हता. नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. महिना 50 रुपये किराया असेल तर 52. त्यात कुणाचं भलं होणार? मोठा बदल होता तो परवानगीचा टप्पा गेला हा. कंट्रोलर, कलेक्टर हा फेरा सुटला आणि मालक नोटीस देऊन थेट लघुवाद न्यायालयात जाऊ लागला. घर रिकामं झाल्याची सक्तीची वर्दीही गेली. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या यांचं संरक्षण काढलं गेलं, आणि सीताबर्डी-किंग्जवेच्या इमारतींत जुन्या किरायाने बसलेली कार्यालयं एकदम बाजारभावासमोर उभी राहिली. हे योग्यच झालं. 1949 च्या सरकारने बाबूला आणि निर्वासिताला वाचवायचं ठरवलं होतं, बँकेला नव्हे. पगडी, जी इतवारीच्या दुकानांत वर्षानुवर्षं टेबलाखालून फिरत होती, ती 56 व्या कलमाने कायदेशीर झाली. आणि लिव्ह अँड लायसन्सने दिलेलं राहतं घर मुदत संपल्यावर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचा छोटा रस्ता 24 व्या कलमाने खुला झाला. आज मनीषनगर किंवा बेसाकडे फ्लॅट घेऊन किरायाने देणारा गुंतवणूकदार धजावतो, तो बराचसा या कलमाच्या भरवशावर.

त्याच कायद्याचं 55 वं कलम मात्र नागपुरात अजून कानाआड केलं जातं. किरायाचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ही जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल आणि वाद उभा राहिला, तर अटींबाबत किरायेदाराचं म्हणणं खरं धरलं जातं, खोटं आहे ते मालकाने सिद्ध करायचं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून चावी देणाऱ्यांनी हे एकदा वाचून ठेवावं.

आणि 58 व्या कलमाने ठरवलं की 31 मार्च 2000 रोजी जी प्रकरणं चालू होती, ती जुन्याच कायद्याने निकाली निघतील. त्यामुळे सीपी अँड बेरार हा प्रांत नकाशावरून गेल्यावर अर्धं शतक उलटलं, तरी त्याच्या ऑर्डरचं तेरावं कलम नागपूर खंडपीठापुढे वाचलं जातच राहिलं.